मोठ्या प्लॅनने रांग हटत नाही

‘नेट अडकतंय’ अशी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: प्लॅन वाढवा. पन्नासचा शंभर करा, शंभरचा तीनशे करा. हे उत्तर लाइन बघायला आलेल्या मुलाकडूनच येतं असं नाही. राउटर विकणारा दुकानदार तेच सांगतो, सोसायटीच्या कमिटीत नेटचं काम बघणारे काका तेच सांगतात, जाहिराती तर तेवढंच सांगतात. वाईट याचं वाटतं की माझ्याच धंद्यातले शिकलेसवरलेले इंजिनिअरही हेच सांगतात. त्यांची मांडणी थोडी भारदस्त असते: बँडविड्थ आता स्वस्त झाली आहे, क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे रहदारीला शिस्त लावणं) हा तुटपुंज्या लाइनींच्या काळातला खटाटोप होता, राउटरवर रांगांची व्यवस्था लावत बसण्यापेक्षा पाइप मोठा घ्या आणि मोकळे व्हा. हे म्हणणं चुकीचं आहे. ज्यांचा धंदा, अभ्यास, औषधपाणी नेटवर अवलंबून आहे त्यांना ते रोज महागात पडतं आहे. म्हणून ते नुसतं नाकारून न थांबता मुळापासून तपासायला हवं.

आधी समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ‘इंटरनेट-टू’ या जाळ्यावर काही वर्षं ‘प्रीमियम’ सेवेचा प्रयोग चालला होता. ज्या पॅकेटांवर खास खूण असेल त्यांना सगळ्या राउटरांनी आधी वाट द्यायची, अशी ती कल्पना. २००२ मध्ये बेन टायटेलबॉम आणि स्तानिस्लाव शालुनोव यांनी एक टिपण लिहून स्पष्ट कबूल केलं की ही सेवा उभी राहिली नाही आणि बहुधा कधी राहणारही नाही. वाटेतला प्रत्येक राउटर, प्रत्येक संस्था यांनी एकच नियम पाळायचा, त्याचा हिशेब ठेवायचा, कुणी खोटी खूण लावली तर पकडायचं, हे सगळं करून मिळणार काय? जाळं मुळातच प्रशस्त बांधलं असेल तर फारसं काही नाही. हा निष्कर्ष मला मान्य आहे. मुंबई ते चेन्नई किंवा मुंबई ते सिंगापूर अशा मोठ्या कण्यावर हजारो लोकांची रहदारी एकत्र येते, तिचे चढउतार एकमेकांत जिरतात, आणि तिथे क्षमता राखून ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पण हा निष्कर्ष कण्याचा आहे. तो उचलून घराच्या, दवाखान्याच्या, क्लासच्या राउटरवर लावायचा, हीच सगळ्या गोंधळाची सुरुवात आहे. रांग लागते ती जिथे रुंद वाट अरुंद होते तिथे. द्रुतगती मार्ग पनवेलजवळ कितीही मोकळा असला तरी शनिवारी सकाळी गाड्या तुंबतात त्या बोरघाटात. तसंच इथे आहे. तुमच्या घरात लॅपटॉप ते राउटर हा टप्पा गीगाबिटचा, आणि राउटरच्या पलीकडे अपलोडची वाट दहा-वीस एमबीपीएसची. गीगाबिटने येणारा माल दहाच्या वाटेवर चढवायचा तर तो कुठेतरी थांबून राहणारच. तो थांबतो राउटरच्या किंवा मोडेमच्या मेमरीत, बफरमध्ये. कण्यावरच्या इंजिनिअरने तिकडे कितीही क्षमता वाढवली तरी ही रांग एका पॅकेटानेही कमी होत नाही.

एक प्रसंग सांगतो. तालुक्याच्या गावातलं एक सीटी स्कॅन सेंटर. रिपोर्ट देणारे रेडिऑलॉजिस्ट पुण्यात बसतात. स्कॅन झाला की तीनेकशे एमबीची फाइल वर चढते, आणि त्याच वेळी सेंटरमधल्या डॉक्टरबाई पुण्याशी व्हिडिओ कॉलवर पेशंटची माहिती देत असतात. फाइल चढायला लागली की कॉल फुटायचा. आवाज तुटायचा, मग दोघंही एकदम बोलायची, मग दोघंही एकदम थांबायची. लाइनवाल्याने सांगितलं, ‘मॅडम, पन्नासचा प्लॅन आहे तुमचा, शंभर करून घ्या.’ केला. पैसे वाढले, कॉल तसाच फुटत राहिला. कारण साधं होतं: लाइन वायरलेसवरून आलेली, आणि प्लॅन बदलून वाढलं ते डाउनलोड; अपलोड दहाचं दहाच राहिलं. मी लॅपटॉपवर एक खिडकी उघडून गावातल्याच पहिल्या टप्प्यावरच्या राउटरला सतत पिंग लावून ठेवलं. लाइन मोकळी असताना उत्तर चार-पाच मिलिसेकंदांत येत होतं. फाइल चढायला लागली तसे आकडे चढू लागले: साठ, दोनशे, साडेचारशे, आणि मग हजाराच्या वर जाऊन तिथेच बसले. फाइल संपली आणि दोन ओळींत पुन्हा पाच. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे नेट बंद पडत नाही, रांगेत थांबतं.’ बरोबर तेच.

आता हिशेब करून बघू, कारण या वादात भावनेपेक्षा आकडे जास्त बोलतात. इथरनेटचं मोठं पॅकेट १५०० बाइट्सचं, म्हणजे १२,००० बिट्सचं. लिनक्समध्ये कित्येक वर्षं नेटवर्क कार्डाची रांग हजार पॅकेटांची धरलेली असे, आणि घरगुती राउटरांतही बहुतेक लिनक्सच असतं. हजार पॅकेटं म्हणजे १ कोटी २० लाख बिट्स. दहा एमबीपीएसच्या अपलोडवर ती रांग संपायला १.२ सेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट शेवटी येऊन उभं राहिलं तर त्याला १.२ सेकंद थांबावंच लागेल. संभाषण नीट चालावं यासाठी आयटीयूच्या जी.११४ या शिफारशीने एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे तुमचं पॅकेट गावाबाहेर पडायच्या आधीच ती मर्यादा आठपट ओलांडलेली असते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तालुक्यापासून पुण्यापर्यंतचं अंतर तो एक-दोन मिलिसेकंदांत कापतो. पण आपण उशिराचं खापर फोडतो ते अंतरावर आणि सर्व्हरवर.

याहून बोलका आकडा कॉलमधल्या आवाजाचा आहे. साध्या ६४ केबीपीएसच्या आवाजाला सेकंदाला पन्नास पॅकेटं लागतात, हेडर धरून प्रत्येकी दोनशे बाइट्सची. म्हणजे ८० केबीपीएस. दहा एमबीपीएसच्या लाइनीचा एक टक्कासुद्धा नाही. जी गोष्ट लाइनीचा शंभरावा भागही मागत नाही ती चालत नसेल, तर लाइन अपुरी आहे असं कोणत्या हिशेबाने म्हणायचं? त्या कॉलला जागा भरपूर होती. त्याला वेळेवर वाट मिळत नव्हती. जागेची टंचाई आणि वेळेची टंचाई हे दोन वेगळे आजार आहेत, आणि प्लॅन वाढवणं हे फक्त पहिल्यावरचं औषध आहे.

यावर जाणकार म्हणतो: पण लाइन मोठी झाली की तेवढीच रांग लवकर संपेल ना? हो, संपेल. तीच हजार पॅकेटांची रांग शंभर एमबीपीएसवर १२० मिलिसेकंदांत संपते. एवढ्यापुरतं त्याचं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण तो हे धरून चालतो की बाकी सगळं तसंच राहील. तसं राहत नाही. मोठ्या लाइनीसाठी बनवलेल्या उपकरणात मेमरीही मोठी टाकतात, कारण मेमरी स्वस्त आहे आणि पॅकेट गळणं हा दोष मानला जातो. वाढीव प्लॅनमध्ये अपलोड कित्येकदा जागचं हलत नाही. घरात लाइन तीनशेची झाली तर अरुंद जागा बदलून आतल्या खोलीतल्या वाय-फायवर जाते. आणि मुख्य म्हणजे टीसीपी ही फाइल वाहून नेणारी व्यवस्थाच अशी आहे की समोर असेल तेवढी वाट ती भरते आणि वर बफरही भरते. लाइन दुप्पट केली तर फाइल निम्म्या वेळात जाईल, पण तेवढा वेळ बाकीच्यांचं जे व्हायचं ते होतच राहील. घरात चार मोबाइल फोटोंचा बॅकअप घेतायत, टीव्ही अपडेट होतोय, सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय. असा ‘तेवढा वेळ’ दिवसभरात सतत येत असतो.

मग इंजिनिअर ग्राफ दाखवतात. ‘हे बघा, लाइन वीस टक्केसुद्धा भरत नाही, क्यूओएस कशाला?’ हा युक्तिवाद मी इतक्या मीटिंगांत ऐकला आहे की त्याला स्वतंत्र उत्तर द्यायलाच हवं. हे ग्राफ बहुतेक पाच मिनिटांच्या सरासरीचे असतात. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. त्यातली साठ सेकंद लाइन काठोकाठ भरलेली होती आणि उरलेली दोनशे चाळीस रिकामी, तर ग्राफ वीस टक्के दाखवणार. पण त्या साठ सेकंदांत मुलाखत देणाऱ्या मुलीचा चेहरा पडद्यावर गोठलेला असतो. पॅकेटाचं सुखदुःख मिलिसेकंदांत ठरतं. ते पाच मिनिटांच्या गाळणीतून गाळून कसं दिसणार? रांगशास्त्राचं साधं गणितही हेच सांगतं. अगदी सरळ, यादृच्छिक आवक धरली तरी वाट अर्धी भरलेली असताना सरासरी एका पॅकेटाच्या वेळेएवढं थांबावं लागतं, नव्वद टक्क्यांना नऊपट, नव्व्याण्णव टक्क्यांना नव्व्याण्णवपट. खरी रहदारी तर याहून कितीतरी झुंडीने येते. सरासरीवर विसंबून ‘सगळं ठीक’ म्हणणारा ग्राफ हा पुरावा धरता येत नाही.

स्पीड टेस्टचंही तसंच. ती लाइन भरून किती माल गेला ते मोजते. त्या वेळी दुसऱ्या कुणाचं काय झालं हे बहुतेक जण वाचतच नाहीत, कारण मोठ्या अक्षरांत एमबीपीएस असतात. आता काही चाचण्या ‘लाइन भरलेली असताना उशीर किती’ हे दाखवू लागल्या आहेत. अॅपलने २०२१ पासून मॅकमध्ये ‘नेटवर्कक्वालिटी’ नावाची आज्ञा दिली आहे, ती मिनिटाला किती फेऱ्या पूर्ण होतात ते सांगते. हा आकडा एमबीपीएसच्या बरोबरीने बघितला गेला पाहिजे. तो बघितला की वाद निम्मा मिटतो.

हा रोग नवा नाही, आणि म्हणूनच त्याकडे केलेलं दुर्लक्ष मला अक्षम्य वाटतं. १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी अमर्याद साठवण असलेल्या राउटरचा विचार करून दाखवलं होतं की मेमरी वाढवली म्हणून गर्दी सुटत नाही, आणि प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवून पाळीपाळीने वाट द्यावी असंही सुचवलं होतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार या जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी त्यावर जो उपाय शोधला तो १९८८ च्या निबंधात आहे: पॅकेट गळलं की गर्दी झाली असं समजून पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. आजचं इंटरनेट या शिस्तीवर उभं आहे. पण या शिस्तीला वेळेवर इशारा लागतो. राउटर पॅकेट न गाळता ते मेमरीत साठवतच राहिला तर पाठवणाऱ्याला कळतच नाही की पुढे तुंबलं आहे. तो पाठवत राहतो. स्वस्त मेमरीने हाच इशारा दाबून टाकला.

२०१० मध्ये जिम गेटिस यांना स्वतःच्या घरात हे दिसलं. एचटीटीपीच्या मानकाचं संपादन केलेला हा माणूस. घरून मोठ्या फाइल चढवताना घरच्यांचं नेट बसत होतं म्हणून ते खोलात शिरले, आणि जिकडे बघावं तिकडे फुगलेले बफर सापडले. या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. तिचं सौंदर्य असं की ती रांग किती लांब आहे हे बघतच नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं एवढंच बघते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ही क्षणभराची झुंड नाही, मुक्कामाला आलेली रांग आहे, असं समजून एखादं पॅकेट गाळायचं. तरी हटली नाही तर आणखी लवकर दुसरं. पाठवणारा सावध होतो, रांग ओसरते, लाइन मात्र भरलेलीच राहते.

यावर लोक दचकतात. मुद्दाम पॅकेट गाळायचं? नेमका इथेच गैरसमज आहे. हजारातलं एखादं पॅकेट गळलं तर फाइलचं काहीच बिघडत नाही, ते पुन्हा मागवलं जातं. न गाळता सगळ्यांना सव्वा सेकंद ताटकळत ठेवलं तर फाइलला फरक पडत नाही, पण कॉल, गेम, यूपीआयचं पान, परीक्षेचं पोर्टल, सगळं आचके देतं. ज्यांना गाळणं अगदीच नको असेल त्यांच्यासाठी गाळण्याऐवजी पॅकेटावर गर्दीची खूण करण्याची सोय, ईसीएन, २००१ पासून मानकात आहे. शून्य गळती हे चांगल्या राउटरचं लक्षण म्हणून विकलं जातं, ते बंद व्हायला हवं.

कोडेलला पाळीपाळीच्या रांगांची जोड दिली की होते एफक्यू-कोडेल. ती २०१२ मध्येच लिनक्सच्या गाभ्यात आली, २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली. वाहणारे प्रवाह ती १०२४ रांगांत वाटून टाकते आणि ज्या प्रवाहाची रांग साचलेलीच नाही त्याला पुढे सोडते. आता परत त्या कॉलच्या आवाजाकडे बघा. सेकंदाला पन्नास लहान पॅकेटं. त्याची रांग कधी साचतच नाही, म्हणून प्रत्येक पॅकेट जवळजवळ आल्याआल्या निघतं. फाइलचा प्रवाह स्वतःच्याच रांगेत उभा राहतो. कोण आवाज, कोण फाइल, हे राउटरला सांगावंच लागत नाही.

म्हणूनच माझा वाद जसा ‘पाइप मोठा घ्या’ म्हणणाऱ्यांशी आहे तसाच क्यूओएसच्या नावाखाली भलतंच विकणाऱ्यांशीही आहे. आठ अँटेनांचा, लाल दिव्यांचा राउटर घ्या, त्यात ‘गेमिंग’, ‘स्ट्रीमिंग’, ‘वर्क फ्रॉम होम’ अशा चौकटी आहेत, हव्या त्यावर टिक करा. बहुतेक अॅपांची रहदारी आता कूटबद्ध असते आणि एकाच ४४३ क्रमांकाच्या दारातून जाते. आतलं काय आहे हे राउटर अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज चुकतो. पॅकेटांवरच्या प्राधान्याच्या (डीएससीपी) खुणा तुमच्या लाइनीबाहेर पडल्यावर कुणी पाळेलच याची खात्री नाही. पुष्कळदा त्या पुसल्या जातात. आणि सर्वांत महत्त्वाचं: नुसती प्राधान्याची यादी लावली आणि मागची फुगलेली रांग तशीच ठेवली, तर यादीत नसलेला प्रत्येक जण पूर्वीइतकाच अडकतो. कुणाला प्राधान्य द्यायचं यावर घराघरांत भांडण लावणारं क्यूओएस निरुपयोगी ठरलं म्हणून अख्खं क्यूओएसच मोडीत काढायचं, हा कुठला न्याय?

सीटी सेंटरमध्ये पुढे काय केलं ते सांगतो, कारण उपाय किती साधा आहे ते त्यातून दिसतं. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालेल असा एक राउटर बसवला. त्यावर ‘केक’ नावाची रांगपद्धत चालू केली. ही एफक्यू-कोडेलचीच पुढची पायरी, २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलेली. अपलोडची मर्यादा दहाऐवजी नऊ एमबीपीएस घातली. हा एक आकडा कळीचा आहे. वेग लाइनीपेक्षा थोडा कमी ठेवला की रांग पलीकडच्या मुक्या डब्यात न लागता आपल्या राउटरवर लागते, आणि आपल्या राउटरला ती कशी हाताळायची ते ठाऊक असतं. तीच फाइल पुन्हा चढवली. पिंग पाचावरून पंधरा-वीसपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. कॉल चालू राहिला. तीनशे एमबीच्या फाइलला दहाच्या वेगाने कागदावर चार मिनिटं लागतात, नऊच्या वेगाने साडेचारच्या आत. अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात डॉक्टरांना पूर्ण वाक्य बोलता येऊ लागलं. वाढीव प्लॅनचे पैसे दर महिन्याला जात होते, ते थांबवले.

‘म्हणजे दहा टक्के स्पीड कापायचा?’ ही हरकत येतेच. ज्यांना स्पीड टेस्टचा पूर्ण आकडा बघायची सवय झाली आहे त्यांना हा तोटा वाटतो. पण कापलेला तो भाग वापरता येत होता का? तो हातात असताना बाकी सगळं अडकत असेल तर तो वेग कागदावरचा होता.

या उपायाच्या मर्यादाही लपवायच्या नाहीत. रांगेची अशी देखभाल राउटरच्या प्रोसेसरला करावी लागते. स्वस्त राउटर तीनशे-पाचशे एमबीपीएस दाखवतात ते पॅकेटं प्रोसेसरला वगळून परस्पर हार्डवेअरमधून काढतात म्हणून; केक चालू केलं की ती आडवाट बंद होते आणि जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. तेव्हा राउटर विकत घेताना अँटेना मोजण्यापेक्षा प्रोसेसर विचारा. दुसरं, रांग वाय-फायवर लागली असेल तर लाइनीवर केक लावून काही होत नाही. आतल्या खोलीतला जुना फोन सहा एमबीपीएसने बोलत असेल तर तो हवेतला वेळ खात बसतो आणि शेजारचा नवा लॅपटॉपही त्याच्या गतीला येतो. यावरही काम झालं आहे, लिनक्सच्या काही वाय-फाय ड्रायव्हरांत प्रत्येक उपकरणाला हवेतला वेळ सारखा वाटून देण्याची सोय आहे; पण ती नसलेल्या डब्यांना आधी तार ओढणं हाच खरा इलाज. टीव्ही आणि डेस्कटॉप तारेवर घ्या. तिसरं, मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या लाइनीचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, तिथे एकच आकडा बांधून पुरत नाही. आणि घरात सहा जण एकदम फोर-के बघत असतील, लाइन खरोखरच दिवसभर पुरत नसेल, तर प्लॅन वाढवा. तिथे लाइनवाल्याचं बरोबरच आहे.

एक आक्षेप तत्त्वाचा म्हणून घेतला जातो: रहदारी हाताळणं म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीचा भंग. ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली, फ्री बेसिक्ससारख्या योजनांना दार बंद झालं, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची चौकट मान्य केली. त्या लढ्याचं मोल मी जाणतो. पण त्या चौकटीतही वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला जागा आहे. तिचा विरोध आहे तो पैसे घेऊन एखाद्या कंपनीला पुढे सोडण्याला. पाळीपाळीने वाट देणारी रांग कुणाचं नाव विचारत नाही, पॅकेटाच्या आत डोकावत नाही, प्रत्येक प्रवाहाला सारखाच वाटा देते. याउलट काहीच न करता ठेवलेल्या फुगलेल्या रांगेत ज्याने रांग जास्त भरली तो जिंकतो. समानता हवी असणाऱ्यांनी खरं तर या रांगपद्धतींची मागणी करायला हवी.

आता सेवा देणाऱ्यांकडे वळतो, कारण सगळा भार ग्राहकाच्या अंगावर टाकणं मला पटत नाही. डाउनलोडची रांग ग्राहकाच्या घरात लागत नाही, ती लागते सेवा देणाऱ्याच्या टोकाला, जिथे प्लॅनचा वेग बांधला जातो. आपल्याकडच्या कितीतरी गावांत आणि उपनगरांत हे काम केबल ऑपरेटर मायक्रोटिकच्या राउटरवर करतात. प्रत्येक ग्राहकाची क्यू तिथे बनते. मायक्रोटिकच्या राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीपासून तिथे एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही आहेत. क्यूचा प्रकार बदलायचा आहे, दुसरा खर्च नाही. प्रोसेसरला किती ग्राहक झेपतात ते बघून टप्प्याटप्प्याने करा. याहून मोठ्या ऑपरेटरांसाठी ‘लिबरक्यूओएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते उभं करण्यात डेव्ह टाट यांचा मोठा वाटा होता. बफरब्लोटविरुद्ध वर्षानुवर्षं झटलेला हा माणूस एप्रिल २०२५ मध्ये गेला. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हे सगळं लिहून, तपासून, फुकट देऊन ठेवलं आहे. आपल्याकडे ते पडून आहे कारण ग्राहक मागत नाही, आणि ग्राहक मागत नाही कारण त्याला फक्त एमबीपीएस सांगितले जातात.

सरकारी भाषाही बराच काळ वेगाचीच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली, ते चांगलंच झालं. ट्रायच्या २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमावलीत लेटन्सीचा, म्हणजे उशिराचाही निकष आहे, तेही योग्य पाऊल. माझी मागणी त्याच्या पुढची आहे: उशीर मोजायचा तो ग्राहकाच्या टोकावर आणि लाइन दोन्ही बाजूंनी भरलेली असताना. मोकळ्या लाइनीवरचा उशीर ग्राहकाला सहसा त्रास देत नाही.

तोवर सोसायट्या, दवाखाने, क्लास यांनी एवढं करावं. करार नवा करताना कोटेशनमध्ये एमबीपीएसच्या खाली एक ओळ घालून घ्यावी: अपलोड आणि डाउनलोड पूर्ण भरलेलं असताना पहिल्या टप्प्यापर्यंतचं पिंग मोकळ्या लाइनीपेक्षा ३० मिलिसेकंदांहून जास्त वाढणार नाही. लाइन जोडायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोर एक मोठी फाइल चढवायला लावावी, शेजारी पिंग लावावं, आणि आकडे बघूनच सही करावी. जो ऑपरेटर हे करून दाखवेल त्याचा पन्नासचा प्लॅन, न दाखवणाऱ्याच्या तीनशेच्या प्लॅनआधी घ्यावा.